डिस्कला लावलेलं कुंकू

दादाच्या खांद्याला चौदा टाके पडले ते चाळीस मिनिटांच्या पाण्यापायी. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. त्याची तीन एकर आमच्या चारीच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटाला. डिंभ्याच्या कालव्यातून निघालेली ही चारी नव्वद एकर भिजवते आणि तिच्यावर आम्ही एकतीस खातेदार. चारीच्या तोंडाला ज्यांची साडेचार एकर आहे, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. टेलची पाळी संपली की तोंडाची सुरू होते, त्यामुळे दादाचा शेवट आणि अण्णांची सुरुवात एकमेकांना चिकटलेली. त्या दिवशी अण्णांच्या घड्याळात त्यांची पाळी लागली होती आणि दादाच्या घड्याळात ती लागायला चाळीस मिनिटं बाकी होती.

अण्णांनी चारी फोडून पाणी आपल्या उसात घेतलं. खाली पाणी आटलं तसा दादा दोन किलोमीटर चालत वर आला. एक शब्द न बोलता तो फोडलेल्या जागी माती ओढायला लागला आणि अण्णांनी फावडं उभं मारलं. उभं म्हणजे धारेनं. मी तिथून दीडशे पावलांवर माझ्या कांद्यात होतो. आवाज ओल्या लाकडात कुऱ्हाड बसल्यासारखा आला. मी पोचलो तेव्हा दादा चारीत बसला होता, डावा खांदा उजव्या हातानं दाबून. पाण्यात रक्ताचा रंग दहा-बारा फुटांपर्यंत दिसत होता, पुढं दिसत नव्हता. अण्णा फावडं हातात धरून तिथंच उभे होते आणि घड्याळाकडं बघत होते.

दवाखान्यात दादानं सांगितलं की बांधावरून पडलो. डॉक्टरनं लिहून घेतलं. गावात बैठक बसली, दोघांना ओझरच्या गणपतीला नेऊन नारळावर हात ठेवायला लावला आणि असं ठरलं की अण्णांनी आपल्या पाळीतली चाळीस मिनिटं दर वेळी दादाला द्यायची, कायमची. अण्णा कबूल झाले. यादी लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण गावात आकडेमोडीला मला बोलावतात.

हिशोब सरळ होता. सात दिवसांची पाळी, म्हणजे दहा हजार ऐंशी मिनिटं. त्याला नव्वदनं भागलं की एकराला एकशेबारा मिनिटं. अण्णांची पाचशेचार, त्यातून चाळीस वजा, चारशे चौसष्ट. दादाची तीनशे छत्तीस, त्यात चाळीस मिळवून तीनशे शहात्तर. पण बाकीच्यांनीही याच बैठकीत आपापली भांडणं बाहेर काढली. कुणाची वाटणी नवी झालेली, कुणाची जमीन मुरमाड, कुणी मेहुण्याशी मिनिटं बदलून घेतलेली. ते सगळं जुळायला तीन महिने गेले. तेवढ्या काळात एकाच्या मोटारीची केबल कोयत्यानं तोडली गेली, एकाच्या बैलाच्या मागच्या पायावर विळा बसला आणि दोन बायकांनी विहिरीवर एकमेकींची डोकी दगडी हौदावर आपटली.

आधी यादी कागदावर होती, देवळाच्या भिंतीला चिकटवलेली. ती दोनदा फाडली गेली आणि एकदा एकाच्या आकड्यात कुणीतरी शून्य वाढवलं. तेव्हा लोक म्हणाले, कागद नको, कॉम्प्युटरमध्ये ठेवा.

माझ्या घरी एक कॉम्प्युटर होता. पुण्यातल्या एका ऑफिसनं काढून टाकलेला, मी घेतला तेव्हाच जुना. त्याला साडेतीन इंची फ्लॉपी लागायची. आमच्याकडं तिला सगळे डिस्क म्हणत. पण यादी माझ्या घरातल्या यंत्रात ठेवली तर उद्या मी बदलली म्हणतील. म्हणून मीच नियम घातला. यादी यंत्रात ठेवायची नाही, तीन डिस्कांवर ठेवायची. एक माझ्याकडं, एक दादाकडं, एक अण्णांकडं. कालव्याला पाणी सुटायच्या आदल्या दिवशी तिन्ही डिस्का माझ्या ओसरीत आणायच्या, सगळ्यांसमोर एकेक घालून तिन्ही सारख्या आहेत हे दाखवायचं आणि मग प्रत्येकाची वेळ छापून चिठ्ठी द्यायची. पाळी दर वेळी बारा तासांनी पुढं सरकायची, म्हणजे दिवसाची पाळी आणि रात्रीची पाळी सगळ्यांच्या वाट्याला आलटून पालटून येते.

दोन वर्षं हे नीट चाललं. कुणाचंही रक्त निघालं नाही. मला त्याचा अभिमान होता, हे लिहिलं पाहिजे.

आमच्याकडं खंडेनवमीला अवजारांची पूजा करतात. विळा, कोयता, फावडं, पाना, मोटारीचा स्टार्टर, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळद-कुंकू वाहायचं, झेंडू वाहायचा. बाकीचे लोक फावड्याच्या दांड्याला बोट टेकवतात आणि पुढं जातात. माझी पद्धत वेगळी. अवजार जिथं काम करतं तिथं कुंकू लागलं पाहिजे, असं मी मानतो. विळ्याला दातांवर, फावड्याला धारेवर, मोटारीला शाफ्टवर. त्या वर्षी मी डिस्कही पाटावर ठेवली. तिसऱ्या वर्षात पदार्पण म्हणून. डिस्कच्या वरच्या बाजूला पत्र्याची एक सरकती झडप असते. झडप सरकवली की आतली काळी चकती दिसते. काम तिथं होतं. मी झडप सरकवली, ओल्या कुंकवाचं बोट आत टेकवलं आणि झडप सोडून दिली. ती स्प्रिंगनं मिटली. बाहेरून डिस्क स्वच्छ दिसत होती. घरातले सगळे आरतीला उभे होते आणि माझ्या मनात काहीही वावगं आलं नाही.

दिवाळीच्या आधी पाणी सुटायची बातमी आली. आदल्या दिवशी सकाळी नऊला ओसरीत वीस-बावीस जण जमले. अण्णा अजून आले नव्हते, त्यांचा निरोप होता की दूध घालून येतो.

मी माझी डिस्क घातली. ड्राइव्हमधून दगडावर पत्रा घासल्यासारखा आवाज आला. पडद्यावर आलं की डिस्क वाचता येत नाही. मी पुन्हा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा केला. मग म्हणालो, माझी खराब झाली असेल, दादाची घालू. दादानं शर्टाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली डिस्क काढून दिली. तोच आवाज, तोच निरोप.

आता डिस्क वाचता येत नसेल तर दोष डिस्कचा की ड्राइव्हचा, हे ठरवायची एक साधी रीत आहे. कोरी डिस्क घ्यायची आणि ती फॉरमॅट करून बघायची. फॉरमॅट म्हणजे चकतीवर यंत्रानं रेघा आखणं. चकतीवर एकात एक ऐंशी गोल रेघा असतात आणि मोजणी बाहेरून, शून्यापासून सुरू होते. या शून्य रेघेवर सगळ्या डिस्कची अनुक्रमणिका असते. ती एक रेघ बिघडली की बाकी चकती कितीही चांगली असली तरी यंत्र तिला टाकून देतं. माझ्याकडं डब्यात तीन कोऱ्या डिस्का होत्या. तिन्ही घातल्या. तिन्ही वेळा पडद्यावर तेच आलं: इनव्हॅलिड मीडिया ऑर ट्रॅक झीरो बॅड, डिस्क अनयूजेबल. म्हणजे शून्य रेघ खराब, डिस्क निकामी.

पाचपैकी पाच. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पाच डिस्का एकाच दिवशी बिघडत नाहीत, ड्राइव्हच बिघडलेला असतो. पण कोऱ्या डिस्का पावसाळाभर डब्यात पडून होत्या, त्यांना ओल लागली असेल असं मी ठरवलं. गाडी काढून आळेफाट्याला गेलो आणि सीलबंद दहांचा खोका घेऊन आलो. जायला-यायला एक तास दहा मिनिटं लागली. तोपर्यंत ओसरीतलं वातावरण बिघडलं होतं. टेलच्या चार-पाच जणांनी चहाला नाही म्हटलं होतं आणि अण्णा येऊन कोपऱ्यात बसले होते, डिस्क मांडीवर.

"बस लवकर," दादा मला म्हणाला. "उद्या सकाळी सहाला पाणी येतंय. यादी न्हाई म्हणल्यावर तोंडावाला पैला घेणार, आन् आमी बसणार वाळू चाटत."

"मी कवा घ्येतलं रं?" अण्णा म्हणाले.

"माझ्या खांद्याला इचार."

मी नवा खोका फोडायला हवा होता. आधी कोरी डिस्क, मग कामाची, हे मला माहीत होतं. पण सगळे माझ्याकडं बघत होते. अण्णांनी डिस्क पुढं केली आणि मी ती घेतली आणि घातली.

ती वाचली गेली. एक क्षण पडद्यावर यादीचं नाव आलं, खाली तिची लांबी आली. मागं उभे असलेले दोघे-तिघे "आली, आली" म्हणाले. मग ड्राइव्ह घासला आणि नाव गेलं. त्यानंतर ती डिस्क पुन्हा कधी वाचली गेली नाही.

मग दादा हळूच म्हणाला, "दिसली आन् गेली. ह्यानं चुंबक फिरवलंय हिच्यावर. चाळीस मिन्टं परत पायजेल न्हवं ह्याला."

"आई शप्पत न्हाई," अण्णा म्हणाले.

"नारळावर हात ठिवला व्हता आपन."

"त्योच सांगतो, न्हाई."

दादानं त्यांची कॉलर धरली. अण्णा साठीचे, अंगानं वाळके. टेलच्या चौघांनी त्यांना उचलल्यासारखं करून ओसरीच्या पायऱ्यांवरून अंगणात नेलं. पहिला तडाखा मी पाहिला. तो चपलेचा होता, तोंडावर. त्यांच्या नाकातून रक्त आलं आणि पांढऱ्या शर्टावर बटनांच्या ओळीनं खाली उतरलं. कुणी म्हणत होतं सोडा, कुणी म्हणत होतं द्या अजून. बायका कांद्याच्या चाळीमागं उभ्या राहिल्या.

मी आत होतो. अण्णांनी हे केलं नाही असं मला वाटत होतं, पण वाटणं म्हणजे पुरावा नाही. मी खोक्याचं सील तोडलं, एक नवी डिस्क घातली, फॉरमॅट सुरू केलं. यंत्र शून्य रेघेवर पुन्हा पुन्हा डोकं आपटतं आणि मगच नाही म्हणतं, त्याला सव्वा मिनिट लागतं. ट्रॅक झीरो बॅड. मी डिस्क बाहेर काढली आणि झडप सरकवली.

काळ्या चकतीच्या बाहेरच्या कडेला लाल रेघ होती. केसाएवढी, गोल फिरलेली.

ही डिस्क पाच मिनिटांपूर्वी सीलमध्ये होती. तिला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. मी माझी डिस्क उघडली. तिच्यावर कुंकवाची पोपडी होती आणि तिच्यातून खरवडल्यासारखा चरा गेला होता. दादाची उघडली, लाल. अण्णांची उघडली, लाल, तिन्हींत फिकट. क्रम समोर होता. माझ्या बोटाचं कुंकू ड्राइव्हच्या डोक्याला, म्हणजे चकतीवर टेकून वाचणाऱ्या टोकाला, चिकटलं होतं, आणि त्यानंतर ज्या ज्या डिस्का मी त्या तोंडात दिल्या त्या सगळ्या त्यानं खरवडल्या. तिन्ही प्रती मी माझ्या हातानं मारल्या होत्या, एकामागून एक, लोकांसमोर.

हे मला त्या क्षणी समजलं. मी उठून बाहेर जायला हवं होतं. मी दुसरी नवी डिस्क घातली.

मला खात्री करून घ्यायची होती. एका नमुन्यावर निष्कर्ष काढायचा नाही ही माझी सवय. मी खुर्चीवर बसून पडद्याकडं बघत राहिलो आणि अंगणातले आवाज ऐकत राहिलो. फावड्याचा दांडा मांसावर बसतो तेव्हा आवाज बुजलेला येतो. असे चार ऐकले. मग पाचवा वेगळा आला, कोरडा, आणि त्यामागून अण्णांचा आवाज, जो माणसाचा आहे हे कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी तोंड वाचवायला उजवा हात वर केला होता आणि दादाचा दांडा कोपरावर बसला होता. पडद्यावर आलं, ट्रॅक झीरो बॅड. मी डिस्क काढली, झडप सरकवली. लाल रेघ होती.

मग मी बाहेर गेलो.

अण्णा मातीत एका कुशीवर पडले होते. कोपराच्या खाली हात भलत्या दिशेला वळला होता. मी दोन्ही डिस्का वर धरल्या आणि सांगितलं की हे कुंकू माझं आहे, खंडेनवमीला मी लावलं, अण्णांचा काही संबंध नाही. कुणाला काही समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. दादा माझ्याजवळ आला, डिस्क घेतली, झडप सरकवून बघितली.

"हे तुला कवा कळलं?" त्यानं विचारलं.

"आत्ता."

"आत्ता म्हंजी?"

"दीड मिनिट झालं."

दादानं माझ्या तोंडात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. माझा खालचा ओठ दातांवर फाटला आणि डावा कान संध्याकाळपर्यंत वाजत होता. मग तो फावडं घेऊन ओसरीत गेला. पहिल्या घावात पडदा फुटला, धुराचा वास आला. पुढचे घाव त्यानं खालच्या डब्यावर घातले, ड्राइव्हच्या तोंडावर, पत्रा आत जाईपर्यंत. मी मोजले नाहीत. त्याला कुणी अडवलं नाही, मीही नाही. खांद्याच्या जुन्या जखमेमुळे डावा हात नीट उचलता येत नाही त्याला, म्हणून प्रत्येक घाव तिरका बसत होता.

अण्णांना जीपमध्ये घालताना मी त्यांचं डोकं धरलं होतं. ते शुद्धीवर होते. म्हणाले, "माजी मागची चिठ्ठी देव्हाऱ्यात हाय. बघा. चाळीस कमीच हायत."

तोपर्यंत हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. प्रत्येकाला मागच्या पाळीची चिठ्ठी मी छापून दिली होती. वेळा जुन्या झाल्या म्हणून चिठ्ठ्यांना किंमत नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण सुरुवात आणि शेवट यांच्यातली मिनिटं तीच होती. कुणाला मारायची गरज नव्हती, डिस्कचीही गरज नव्हती.

दुपारी मी घरोघर फिरलो. फाटलेल्या ओठानं बोलायला त्रास होत होता, पण फार बोलावं लागलं नाही. दिवाळीच्या डब्याखालून, पंचांगातून, मुलाच्या दप्तरातून चिठ्ठ्या निघाल्या. अण्णांच्या बायकोनं देव्हाऱ्यातली काढून दिली, माझ्याकडं न बघता. चारशे चौसष्ट. एकतीसपैकी तीस मिळाल्या. दादाची नव्हती, त्यानं चुलीत घातली होती. मी तिसांची बेरीज केली आणि दहा हजार ऐंशीतून वजा केली. तीनशे शहात्तर उरले. यादी मी हातानं लिहिली, कागदावर, एकतीस प्रती. लिहायला दोन तास लागले.

अण्णांनी दवाखान्यात सांगितलं की बांधावरून पडलो. डॉक्टर तोच होता. त्यानं या वेळी लिहायच्या आधी विचारलं की तुमच्या गावात बांध किती उंच आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाणी आलं. अण्णांची पाळी, सहा ते एक वाजून चव्वेचाळीस. त्यांचे दोन्ही मुलगे चाकणला कंपनीत, ते रविवारशिवाय येत नाहीत. दारं धरायला कुणी नव्हतं, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला. मी फावडं घेऊन गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. मी पाणी घेतलं आणि सरीमागून सरी भरत गेलो. ऊस पुरुषभर होता, पात्यांनी फाटलेल्या ओठावर पुन्हा रक्त आलं.

अकराच्या सुमाराला अण्णा आले. हात खांद्यापासून प्लास्टरमध्ये, एक डोळा सुजून मिटलेला. ते बांधावर बसले. एका ठिकाणी माझ्याकडून वाफा फुटला, तेव्हा म्हणाले, "आरं, खालून दाबा. वरून न्हाई."

मी खालून दाबला.

एक चव्वेचाळीसला मी त्यांचं दार बंद केलं आणि चारी खाली सोडायला वळलो. अण्णा म्हणाले, "घड्याळ बरूबर हाय न्हवं तुमचं?"

"काल रेडिओवर लावलंय."

"मंग काल का थांबलात? दादा म्हनला, तुमास्नी दीड मिन्टं आदीच कळलं व्हतं."

मी फावड्यावर रेलून उभा राहिलो. खोटं सांगण्यासारखं काही नव्हतं. "खात्री करत होतो," मी म्हणालो.

"झाली?"

"झाली."

त्यांनी मान हलवली. चारीतलं पाणी माझ्या पायांशी तुंबून वर चढत होतं. अण्णांनी चांगल्या हातानं खालच्या रानाकडं दाखवलं.

"मंग सोडा की आता. खालच्याचा टाईम चाललाय, भाऊ."

मी माती ओढली, पाणी खाली गेलं. घड्याळात एक शेहेचाळीस झाले होते. ती दोन मिनिटं पुढच्या पाळीत मी माझ्या वाट्यातून कापून खालच्याला दिली आणि यादीत तशी नोंद केली. अण्णांचा हात पुढं सरळ झालाच नाही. ते डाव्या हातानं फावडं ओढायला शिकले, पण उभ्या पिकात त्यांना ते जमत नाही. म्हणून त्यांची पाळी दिवसाची असो की रात्रीची, अजूनही मी जातो. चारशे चौसष्ट मिनिटं.